ड्रम थांबले की पोझ संपली: फिगर ड्रॉइंगसाठी बांधलेला एक तासाचा बीट-मिक्स

फिगर ड्रॉइंगचं एक तासाचं सत्र. मधोमध मॉडेल, भोवती अर्धवर्तुळात दहा-बारा जण, मांडीवर बोर्ड, हातात कोळसा नाहीतर पेन्सिल. अशा सत्रांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: आधी झटपट पोझ, मग जरा लांबीच्या, शेवटी एक मोठी. या गटाचा हिशेब असा होता. पहिली पाच मिनिटं बसायला-मांडायला, मग एकेका मिनिटाच्या दहा पोझ, नंतर पाच-पाच मिनिटांच्या चार आणि उरलेली पंचवीस मिनिटं एकच पोझ. मागे शब्दांविना हिप-हॉप बीट्स, म्हणजे रॅपशिवायचे नुसते वाद्यांचे तुकडे.

सत्र चालवणारी माझी मैत्रीण. तिची तक्रार थोडक्यात होती. "एकेक बीट सुटी ऐकवली तर सगळ्यांना आवडते. त्याच एकापुढे एक जोडून मिक्स लावला की अर्ध्या तासात माणसं पेंगायला लागतात. त्यात माझा टायमर वाजला की मॉडेलसकट सगळे दचकतात." तिला वाटत होतं की बीट्स बदलायला हव्यात. "तू चांगल्या पंचवीस-तीस सुचव, मी जुन्या काढून टाकते."

मी आधी जुना मिक्स मागवला. बीट्स चांगल्याच होत्या. खरं सांगायचं तर काही माझ्याकडेही नव्हत्या आणि त्या मी लगेच मागून घेतल्या. दुखणं निवडीत नव्हतं.

जुना मिक्स

तिने आपला सगळा संग्रह डीजे सॉफ्टवेअरमध्ये ओतला होता आणि क्रम लावायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. सॉफ्टवेअर दोन गोष्टी बघतं: टेम्पो आणि की. टेम्पो म्हणजे मिनिटाला किती मात्रा, बीपीएम. की म्हणजे ट्रॅकची स्वरपट्टी; ती ओळखायला कॅमेलॉट चक्र नावाची सोय असते. चक्रात 12 घरं, प्रत्येकाला ए आणि बी अशा दोन बाजू. 8ए म्हणजे ए मायनर, 8बी म्हणजे सी मेजर. शेजारच्या घरात गेलं की दोन ट्रॅकचे सूर एकमेकांशी भांडत नाहीत. सॉफ्टवेअरने 78 बीपीएमपासून 94पर्यंत चढता क्रम लावला, की जुळवल्या आणि प्रत्येक सांध्यावर 16 बारचा क्रॉसफेड टाकला, म्हणजे एक बीट विरत जाते तोवर दुसरी चढत येते.

आता गणित करू. चार मात्रांचा एक बार. 86 बीपीएमला एक बार साधारण 2.8 सेकंदांचा, म्हणजे 16 बार जवळजवळ 45 सेकंद. हिप-हॉप बीट बहुतेकदा दोन मिनिटांत आटोपते. तिच्या सुरुवातीची 45 सेकंद मागच्या बीटमध्ये मिसळलेली, शेवटची 45 पुढच्या बीटमध्ये. दोन मिनिटांच्या बीटमधली जेमतेम 30 सेकंद ती एकटी ऐकू येते. तासाभरात 48 बीट्स बसल्या होत्या आणि त्यातला बहुतांश वेळ कानावर दोन-दोन बीट्स एकदम पडत होत्या. सूर जुळलेले, लय जुळलेली, त्यामुळे खटकत काहीच नव्हतं. फक्त कुठलीच बीट ओळखू येत नव्हती.

लांब क्रॉसफेडची ही सवय हाउस आणि टेक्नोमधली. तिथे ट्रॅक सहा-सात मिनिटांचा असतो आणि त्याची सुरुवात-शेवट मुद्दाम नुसत्या ड्रमचे ठेवलेले असतात, म्हणजे डीजेला जोडायला जागा मिळते. हिप-हॉप बीटला अशी जागा कोणी ठेवत नाही. ती बनते रॅपरसाठी, आणि रॅपर पहिल्या काही बारांतच बोलायला लागतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. चढत्या बीपीएममुळे एका मिनिटाच्या झटपट पोझना सर्वांत संथ बीट्स आल्या होत्या आणि पंचवीस मिनिटांच्या शांत पोझला सर्वांत जलद. हात भराभर चालायला हवा तेव्हा संगीत रेंगाळतंय आणि नजर स्थिर हवी तेव्हा ते धावतंय. तरीही लोक पेंगत होते ते शेवटी, जलद भागात. म्हणजे झोप टेम्पोमुळे येत नव्हती. काही बदलतंय याची चाहूलच लागत नव्हती, म्हणून येत होती.

रॅपचं गाणं ऐकताना कान शब्दांना धरून चालतो. कडवं सुरू झालं, हुक (ध्रुवपदासारखी परत येणारी ओळ) आला, दुसरं कडवं आलं, हे आपोआप कळतं. आवाज काढला की हा आधार जातो. मग आपण कुठे आहोत हे ऐकणाऱ्याला कळण्याचं एकच साधन उरतं, ते म्हणजे एका बीटमधून दुसरीत जाण्याची जागा. तिच्या मिक्समध्ये नेमक्या त्याच जागा पुसून टाकलेल्या होत्या.

एकच नियम

टायमर काढून टाकायचा आणि त्याचं काम मिक्सनेच करायचं, असं मी सुचवलं. तिला शंका होती. "मधे घंटा टाकणार?" नाही. घंटा टाकली तर टायमरने काय घोडं मारलं होतं?

नियम असा ठरला: ड्रम थांबले की पोझ संपली. ड्रम चालू आहेत तोवर बसून राहायचं, मग वरचं बाकी काहीही बदलो.

ड्रमच का, याचं उत्तर हिप-हॉपच्या जन्मातच आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या पार्टीत डीजे कूल हर्कने रेकॉर्ड वाजवल्या. तो दिवस हिप-हॉपचा वाढदिवस मानला जातो. त्याने हेरलं होतं की बाकीची वाद्यं गप्प होऊन नुसते ड्रम उरतात, त्या ब्रेकवर नाचणारे सर्वांत जास्त उसळतात. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो ब्रेक पुन्हा पुन्हा लांबवायचा. पुढे सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डचा तुकडा (सॅम्पल) साठवून वाजवणारी यंत्रं, आले आणि हाताने चाललेलं हे काम आपोआप फिरत राहणारा लूप झालं. या संगीतात माणसाचं अंग ड्रमला बांधलेलं असतं. पियानोचा तुकडा बदलला तर चित्र काढणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. किक (ड्रमचा खालचा, जाड ठोका) आणि स्नेअर (वरचा, कडक ठोका) गेले की मान वर होते. आम्हाला हवी होती ती खूण ही.

एका मिनिटात किती बार

दहा छोट्या पोझ हा मिक्सचा सर्वांत मजेशीर भाग, आणि सर्वांत जास्त वेळ खाणाराही.

मिनिटभराची बीट ही काही अजब कल्पना नाही. अमेरिकी प्रोड्यूसर (बीट बनवणारा) जे डिलाच्या 2006 सालच्या 'डोनट्स' अल्बममध्ये 31 तुकडे सुमारे 43 मिनिटांत उरकतात; बरेचसे दीड मिनिटाच्या आगेमागे. एक कल्पना मांडायची आणि कंटाळा यायच्या आत निघून जायचं. आमची अडचण वेगळी होती. मिनिट घड्याळाचं असतं, बीट बारची. 90 बीपीएमला मिनिटात साडेबावीस बार होतात. म्हणजे पोझ संपते बारच्या मधोमध, आणि तिथे कापलं तर ठेचकाळल्यासारखं वाटतं. कापायचं तर समेवरच.

बीपीएमला चारने पूर्ण भाग जात असेल तर मिनिटात पूर्ण बार बसतात. 96ला 24 बार, 88ला 22, 80ला 20. त्यातही 96 सोन्यासारखा, कारण बहुतेक लूप दोन किंवा चार बारचे असतात आणि 24 बारमध्ये चार बारचे सहा फेरे चपखल बसतात. 96ला एक बार बरोबर अडीच सेकंदांचा. म्हणून प्रत्येक मिनिटाची विभागणी अशी केली: 20 बार, म्हणजे 50 सेकंद, ड्रमसकट बीट, शेवटचे चार बार, म्हणजे 10 सेकंद, ड्रम बंद. त्या दहा सेकंदांत मॉडेलने पोझ बदलायची, बाकीच्यांनी कागद उलटायचा. पुढच्या समेवर नवी किक पडली की हात सुरू.

ड्रम बंद असताना काय वाजतं? जाणाऱ्या बीटचं सॅम्पल हळूहळू लो-पास फिल्टरखाली जातं, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज झाकत जाऊन ते पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं होतं. शेवटच्या बारमध्ये येणाऱ्या बीटच्या सुरावटीची एक झलक येते. बहुतेक ठिकाणी एवढं पुरलं. दोन ठिकाणी नुसती रेकॉर्डची खरखर ठेवली आणि त्या जागा मला इतरांपेक्षा जास्त आवडतात.

सगळ्या बीट्स अर्थातच 96च्या नसतात. टेम्पो साधारण सहा टक्क्यांनी वाढवला आणि पिच (सुराची उंची) मोकळा सोडला, तर सूर अर्ध्या स्वराने चढतो. 93.5ची बीट 96ला नेली तर वाढ पावणेतीन टक्क्यांच्या आत, कानाला खुपत नाही. 88ची बीट 96ला नेणं म्हणजे नऊ टक्के, मग सॅम्पलमधला सॅक्सोफोन खेळण्यातला वाटायला लागतो. सॉफ्टवेअर पिच न हलवता टेम्पो ताणून देतं, पण त्यात स्नेअरची धार बोथट होते, आणि या संगीतात स्नेअरची धार गेली की उरलं काय? म्हणून आम्ही ताणण्याला तीन टक्क्यांची मर्यादा घातली. पहिल्या सहा पोझना 93.5 ते 98मधल्या बीट्स 96वर आणून लावल्या, पुढच्या चारांना 86 ते 90मधल्या 88वर. 96वरून 88ला उतरताना जाणवलं नाही, कारण उतार ड्रम नसलेल्या जागी होता. कान टेम्पो ड्रमवरून मोजतो. दहा सेकंद ड्रम नसले की मागचा वेग विसरतो.

इथे कॅमेलॉट चक्राचं काम जवळजवळ संपलं. दोन सुरावटी एकमेकींवर जेमतेम एक बार येतात, तेही एक फिल्टरखाली दबलेली असताना. उलट स्वरपट्टी बदलली की नवी पोझ नवी वाटते. मैत्रिणीने की जुळवण्यासाठी बाजूला काढलेल्या काही फार चांगल्या बीट्स या भागात परत आल्या.

पाच मिनिटांच्या चार पोझ

या भागात प्रत्येक पोझला दोन बीट्स, अडीच-अडीच मिनिटांच्या. पोझ संपताना ड्रम जातात, हा नियम तोच. पोझच्या मधे बीट बदलते तेव्हा मात्र जुन्या बीटचे ड्रम चार बार पुढे ओढायचे, त्यावर नवी सुरावट आणायची आणि मग समेवर नवे ड्रम घ्यायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, बीटने कूस बदलली.

पहिल्या चाचणीत एक गोष्ट उघडी पडली. तिसऱ्या पोझला दीड मिनिटही झालं नसेल, मॉडेलने पोझ सोडली. तीन-चार जणांनी कागदही उलटले. मैत्रीण गोंधळली. रेकॉर्डिंग लावून बघितलं तर उत्तर सरळ होतं: त्या बीटला स्वतःचा ब्रेकडाउन होता. प्रोड्यूसरने मधे चार बार ड्रम काढून पियानो मोकळा सोडला होता, पुढचा ठोका जोरात लागावा म्हणून. बीट म्हणून ती जागा सुंदर. आमच्या नियमात मात्र तिचा अर्थ 'उठा' असा होत होता, आणि मॉडेलने नियम बरोबर पाळला होता.

मग यादीतली प्रत्येक बीट नव्याने तपासावी लागली: मधे ड्रम कुठे जातात का? बऱ्याच बीट्समध्ये जात होते. उपाय तीन. ब्रेकडाउन शेवटाकडे असेल तर तिथेच पोझ संपवायची. प्रोड्यूसरने फुकट दिलेली खूण. मधे असेल तर ब्रेकडाउनच्या आधीच बाहेर पडायचं. आणि बीट सोडवतच नसेल तर तिचेच ड्रम दुसरीकडून उचलून त्या चार बारवर टाकायचे. तिसरा उपाय मला मनापासून आवडत नाही. कोणीतरी विचार करून सोडलेली रिकामी जागा आपण सोयीसाठी बुजवतो. तो एकाच बीटवर वापरला, तोही प्रोड्यूसरला विचारून. त्याने नुसती परवानगी दिली नाही, ड्रम आणि सुरावट वेगवेगळ्या फायलींत पाठवून दिली, त्यामुळे जोड स्वच्छ बसला.

पंचवीस मिनिटं आणि तीस मिलिसेकंद

मोठ्या पोझला ड्रम एकदाही थांबायला नकोत आणि बीट तर नऊ वेळा बदलायची. म्हणजे एका बीटचे ड्रम दुसरीच्या ड्रममध्ये जायला हवेत, आणि कळता कामा नये. टेम्पो सगळ्यांचा 80च्या आसपास आणला. बीपीएम जुळलं. तरी काही सांध्यांवर ड्रम खडखडत होते, जणू दोन माणसं एकाच वेळी दारातून शिरायला बघताहेत.

कारण होतं स्विंग. रॉजर लिनने आखलेलं अकाईचं एमपीसी60 हे बीट बनवायचं यंत्र 1988 साली आलं, त्यावर स्विंगचा, म्हणजे ठोका किती झुलवायचा याचा, आकडा ठरवता येतो. बारच्या आठव्या भागाच्या, म्हणजे अर्ध्या मात्रेच्या, जागेत दोन सोळावे भाग बसतात. 50 टक्के स्विंग म्हणजे दुसरा ठोका बरोबर मध्यावर, सरळ. 66च्या आसपास तो दोन-तृतीयांश जागेवर जातो, झुलतो. यंत्रावर हा आकडा 75पर्यंत नेता येतो. आता 80 बीपीएमला आठवा भाग 375 मिलिसेकंदांचा. सरळ बीटचा मधला हाय-हॅट (ड्रममधल्या झांजेचा बारीक ठोका) 187.5व्या मिलिसेकंदाला पडतो, 58 टक्के स्विंगचा 217.5व्या. फरक 30 मिलिसेकंद. दोन हाय-हॅट एवढ्या अंतराने पडले की कानाला ते दोन ऐकू येतात. बीपीएमचा आकडा दोन्हीकडे 80च, आणि सॉफ्टवेअरच्या मते सगळं आलबेल.

त्यात जे डिलाच्या वाटेने जाणाऱ्या बीट्सचा प्रश्न आणखी बिकट. तिथे ठोके ग्रिडवरून, म्हणजे आखलेल्या नेमक्या जागांवरून, मुद्दाम सरकवलेले असतात, स्नेअर किंचित आधी, किक किंचित मागे, आणि प्रत्येक आवाजाचं सरकणं वेगळं. त्यांना स्विंगचा एकच आकडा लावता येत नाही. अशी बीट दुसऱ्या कुठल्याही ड्रमवर ठेवली की दोन्हींची चाल बिघडते.

म्हणून मोठ्या पोझसाठी यादी बीपीएमने किंवा कीने लावली नाही, चालीने, म्हणजे ठोके कसे पडतात यावरून, लावली. सरळ बीट्स आधी, हळूहळू झुलणाऱ्या नंतर, सरकलेल्या सर्वांत शेवटी. हेडफोनवर डोळे मिटून मान हलवायची आणि मान कुठे वेगळी हलते ते बघायचं. याहून भरवशाचं माप मला सापडलेलं नाही. आकडे नंतर, तपासण्यापुरते.

एका गटातून दुसऱ्यात जायला पूल लागतो. इथे ज्या बीट्स कामाला आल्या त्या सुट्या ऐकल्या तर कोणी निवडणार नाही: हाय-हॅटच नसलेल्या, नुसती किक, स्नेअर आणि एखादा लांब धरलेला ऑर्गनचा स्वर. सोळाव्या भागावर ठोकाच नाही, त्यामुळे भांडायला कोणी नाही. सरळ बीटचे हॅट आधी काढून घ्यायचे, मग ही मधली बीट, मग झुलत्या बीटचे हॅट वरून हलके सोडायचे. असे दोन पूल टाकले आणि खडखडाट गेला. सरकलेल्या बीट्सचे ड्रम मात्र कोणावरही चढवले नाहीत. तिथे समेवर सरळ काप. जुने ड्रम ज्या क्षणी जातात त्याच क्षणी नवे येतात.

बेसचं काम त्यामानाने सोपं. दोन बेसलाइन एकदम वाजल्या की खाली नुसता चिखल होतो, म्हणून येणाऱ्या बीटचा 150 हर्ट्झच्या खालचा भाग बंद ठेवायचा आणि समेवर अदलाबदल करायची. हे कुठलाही डीजे डोळे झाकून करतो.

सांधा उघड करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आवाजाचा पोत. 1987 साली आलेल्या ई-म्यू एसपी-1200 या सॅम्पलरची स्मृती एकूण 10 सेकंदांची, 12 बिटची, 26.04 किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगची. म्हणजे 13 किलोहर्ट्झच्या वर त्यात काहीच नोंदलं जात नाही. जागा वाचवायला लोक 33च्या गतीची रेकॉर्ड 45वर वाजवून भरून घेत आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवत. त्यातून जो खरखरीत, दाणेदार पोत आला त्याच्या मागे आजही लोक वेडे आहेत. अशा बीटनंतर आजच्या लॅपटॉपवरची चकचकीत हाय-हॅटची बीट आली की खोलीत दिवा लावल्यासारखं होतं. छोट्या पोझमध्ये आम्ही हा फरक मुद्दाम वापरला. मोठ्या पोझमध्ये तो लपवायचा होता, म्हणून चकचकीत बीट्सचा 9 किलोहर्ट्झच्या वरचा भाग तीन डेसिबलने उतरवला.

काय काढलं

यादीतून काही बीट्स चालीशी संबंध नसलेल्या कारणांनी गेल्या. विकायला ठेवलेल्या बीट्समध्ये प्रोड्यूसरचं नाव पुटपुटणारा टॅग असतो. शब्दांविना मिक्समध्ये अचानक माणूस बोलला की सगळ्यांची नजर स्पीकरकडे जाते. ओळखीच्या गाण्याचं सॅम्पलही तेच करतं, फक्त आतल्या आत. अमेरिकी प्रोड्यूसर मॅडलिबने 2007 साली हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर एक अख्खी बीट-टेप केली. ज्यांना मूळ गाणी माहीत नाहीत त्यांच्यासाठी ती निव्वळ वाद्यसंगीत आहे. ज्यांना माहीत आहेत त्यांच्या डोक्यात मुखडा सुरू होतो आणि पेन्सिल थांबते. सॅम्पल ओळखू येण्यात गंमत आहे, नाही असं नाही, पण ती इथल्या कामाची नव्हती.

काही गेल्या त्या खोलीतल्या स्पीकरमुळे. सत्रात आवाज हळू ठेवतात. आवाज हळू झाला की कानाला खालच्या पट्टीचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 सालीच मोजून दाखवलं होतं. ज्या बीटचा बेस 40-50 हर्ट्झवर गुरगुरतो, ती छोट्या स्पीकरवर बेसविना वाजते. 100 ते 200 हर्ट्झमध्ये बोलणारा बेस, मग तो खऱ्या डबल बासचा असो वा तापवलेल्या सिंथचा, हळू आवाजातही टिकतो. म्हणून शेवटची निवड हेडफोनवर केली नाही, त्याच स्पीकरवर, सत्रातल्याच आवाजावर केली. सगळ्या बीट्स उणे 16 लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) पातळीला आणल्या आणि मोठी पोझ त्याहून दीड डेसिबल खाली ठेवली. सारखी पातळी ठेवली असती तर शांत भाग अंगावर आला असता.

अखेर तासाभरात 30 बीट्स राहिल्या: सुरुवातीला दोन, मग दहा, मग आठ, मग दहा. जुन्या 48पैकी निम्म्याहून जास्त याच यादीत आहेत.

सत्रात काय झालं

टायमर बंद झाला. नियम एकदा तोंडी सांगावा लागतो; एक-दोन पोझनंतर नवखे इतरांकडे बघून सावरतात. पेंग कमी झाली, पण गेली असं मी म्हणणार नाही. पंचवीस मिनिटं एका जागी बसलेला माणूस कधीतरी जड होणारच. एका जुन्या सभासदाला एका मिनिटाचा भाग आवडला नाही. ड्रम जाणार, जाणार, या धाकाने रेघ घाईत पडते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. टायमर अचानक वाजतो, तर 20 बारची बीट कानात मोजली जाते, विशेषतः ज्याला लयीची सवय आहे त्याच्या. मैत्रिणीला मात्र तेच हवं होतं. छोट्या पोझमध्ये रेघ घाईतच पडावी असं तिचं मत. हा वाद त्या दोघांचा आहे, मी मधे पडलो नाही.

मिक्स ऑनलाइन टाकायचा का, हा विषय निघाला. अमेरिकेत 1991 साली रॅपर बिझ मार्कीच्या खटल्यात न्यायालयाने परवानगीविना सॅम्पल वापरणं ही सरळ चोरी ठरवली, तेव्हापासून या संगीताच्या मानेवर हक्कांची तलवार आहे, आणि मिक्स करणारा तर दोन पायऱ्या पुढे: बीट दुसऱ्याची, तिच्यातलं सॅम्पल तिसऱ्याचं. बहुतेक व्हिडिओ-संकेतस्थळांवर असा मिक्स आपोआप ओळखला जाऊन अडू शकतो. मिक्सक्लाउडसारख्या ठिकाणी डीजे-मिक्ससाठी हक्कधारकांशी करार असतात, पण एकाच कलाकाराच्या किती बीट्स घ्याव्यात यावर मर्यादा येते. अमेरिकी कायद्यातल्या इंटरनेट-रेडिओच्या तरतुदीनुसार तीन तासांत एका अल्बममधले तीन आणि एका कलाकाराचे चार ट्रॅक, याहून जास्त नाहीत. आमच्या यादीत एकाच प्रोड्यूसरच्या सहा बीट्स होत्या. त्यामुळे तो बेत तूर्त बाजूला आहे. प्रोड्यूसरांची नावं आणि बीट्सची यादी सत्राच्या दारावर छापून लावली जाते.

सध्याची अडचण वेगळीच आहे. नेहमी येणाऱ्यांना मिक्स पाठ झाला आहे. सहाव्या पोझची बीट सुरू झाली की पुढे काय येणार, ते त्यांना आधीच माहीत असतं, आणि शेवटच्या दोन बारच्या आधीच ते पेन्सिल खाली ठेवतात. म्हणून मैत्रिणीने वेळांचा सांगाडा तसाच ठेवून बीट्स फिरवायला घेतल्या आहेत: छोट्या पोझच्या दहा जागांसाठी 96 आणि 88वर आणून ठेवलेल्या बीट्सचा साठा, त्यातून दर सत्राला चार-पाच बदलायच्या. मोठ्या पोझला हात लावायची तिची अजून तयारी नाही, कारण तिथे एक बीट बदलली की दोन्ही बाजूंची चाल पुन्हा तपासावी लागते, आणि हाय-हॅट नसलेल्या चांगल्या बीट्स मिळता मिळत नाहीत.